पूरनचंद जोशी : एका संघटकाची वाटचाल

पूरनचंद जोशी यांनी १९३५ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा पक्षावर बंदी होती, त्याचे गट विखुरलेले होते आणि सभासद मूठभर होते. बारा वर्षांनी त्यांनी ते पद सोडले, त्या वेळी हाच पक्ष कामगार, शेतकरी, विद्यार्थी, लेखक व कलावंत अशा नाना थरांत जाऊन पोचला होता. हा पालट कसा घडला, आणि तो घडवून आणणाऱ्यालाच पुढे पक्षाबाहेर का जावे लागले, हे पाहण्यासारखे आहे.

जोशी यांचा जन्म १९०७ साली अल्मोड्याला झाला. अलाहाबादेत शिकत असतानाच ते शेतकरी-कामगारांच्या चळवळीत पडले आणि मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पकडले गेले. मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर आणि बंगालचे मुझफ्फर अहमद हे त्यांचे सहआरोपी होते. तेव्हा जोशींना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. निरनिराळ्या प्रांतांतील कार्यकर्त्यांचा असा दीर्घ सहवास त्यांना तुरुंगाबाहेर क्वचितच लाभला असता.

त्यांचे धोरण थोडक्यात असे सांगता येईल : पक्ष लहान असेल, तर त्याने मोठ्या चळवळीपासून फटकून राहू नये, तिच्या आत राहून आपल्या कामाने लोकांचा विश्वास मिळवावा. म्हणूनच १९३६ नंतर कम्युनिस्ट कार्यकर्ते काँग्रेसमध्ये राहून काम करू लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या किसान सभेत, विद्यार्थी संघटनेत आणि प्रगतिशील लेखक संघातही त्यांनी जागोजाग आपले पाय रोवले.

या धोरणाची खरी कसोटी १९४२ साली लागली. सोव्हिएत रशियावर जर्मनीने चाल केल्यानंतर पक्षाने महायुद्धास पाठिंबा दिला. जुलै १९४२ मध्ये सरकारने बंदी उठविली, आणि लगेच ऑगस्टमध्ये 'भारत छोडो'चा लढा सुरू झाला. पक्ष त्यापासून अलग राहिला. याबद्दल राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांत जो रोष उत्पन्न झाला, तो पुढे कित्येक वर्षे शमला नाही. राष्ट्रीय प्रवाहात राहण्याचा आग्रह धरणाऱ्या नेत्याच्याच कारकिर्दीत पक्ष त्या प्रवाहाच्या विरुद्ध उभा राहिला, हे नाकारता येत नाही.

आश्चर्य हे की, याच काळात संघटना वाढली. मुंबईत सँडहर्स्ट रोडवरील मध्यवर्ती कचेरीत पूर्णवेळ कार्यकर्ते एकत्र राहत, एकाच पंक्तीला जेवत आणि तुटपुंज्या भत्त्यावर भागवीत. तेथून निरनिराळ्या भाषांतील साप्ताहिके निघत. जोशी माणसे हेरीत, आणि ज्याच्या अंगी जो गुण असेल त्याला तेच काम देत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी सुनील जाना यास त्यांनी कॅमेरा घेऊन बरोबर नेले. चित्रप्रसाद यांची रेखाचित्रेही पक्षाच्या पत्रांतून लोकांसमोर आली. त्याच वर्षी मुंबईत 'इप्टा' ही नाट्यसंस्था उभी राहिली. पुढल्या वर्षी अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशा व पोवाड्याचा बाज घेऊन कामगारवस्त्या गाजविल्या. पक्षपत्रक वाचता न येणाऱ्या माणसापर्यंतही पक्ष पोचला तो असा.

स्वातंत्र्यानंतर नेहरू सरकारशी सहकार्य करावे, असे जोशींचे मत होते. १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनाने ते झिडकारले, बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षाने सशस्त्र उठावाचा मार्ग धरला. १९४९ मध्ये जोशींना पक्षातून काढण्यात आले. पुढील दोन वर्षांत धरपकड आणि अंतर्गत संशय यांमुळे संघटना खिळखिळी झाली. १९५१ साली पक्षाने उठावाचा मार्ग सोडून निवडणुकीची वाट धरली. जोशींनाही परत घेतले. १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेत तो विरोधी बाकांवरील सर्वांत मोठा गट ठरला. सर्वोच्च पद मात्र जोशींकडे पुन्हा कधी आले नाही. त्यांनी लेखन केले, चळवळीची कागदपत्रे जमविली आणि १९८० साली दिल्लीत त्यांचे निधन झाले.

पक्षाचे धोरण एका ठरावाने बदलता येते. पण माणसे जोडण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागते, आणि ते अल्पावधीत मोडूही शकते. जोशींच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो. त्यांच्या राजकीय निर्णयांविषयी मतभेद आजही आहेत. परंतु ज्या पक्षाने त्यांना दूर केले, त्यालाच पुढे त्यांनी घालून दिलेल्या घडीचा आधार घ्यावा लागला, हे विसरून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही.