परतून आलेल्याची गोष्ट: ‘द क्वाएट मॅन’

मॉरिस वॉल्शची ही कथा ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये १९३३ साली आली आणि १९३६ मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डने अवघ्या दहा डॉलरमध्ये तिचे हक्क घेतले. पुढची अनेक वर्षं तिच्यावर पैसा लावायला हॉलिवूडमध्ये कुणी धजलं नाही. अखेर रिपब्लिक पिक्चर्स राजी झाली, तीही एका अटीवर: आधी जॉन वेन आणि मॉरीन ओहारा याच जोडीचा वेस्टर्नपट हवा. फोर्डने ‘रिओ ग्रँड’ करून दिला आणि १९५१ च्या उन्हाळ्यात तो चित्रीकरणासाठी आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या काँग गावात पोचला.

फोर्ड अमेरिकेत जन्मला, पण त्याचे आईवडील आयर्लंडच्या पश्चिम भागातून गेलेले. चित्रपटातलं इनिसफ्री गाव म्हणूनच इतकं हिरवं, इतकं मायेचं आहे. विंटन हॉक आणि आर्ची स्टाउट यांना त्याच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं आणि फोर्डला दिग्दर्शनाचं चौथं. खरा आयर्लंड तेव्हा रिकामा होत होता. त्या दशकात सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली. अशा काळात एक माणूस परत येतो, ही गोष्टच मोठा दिलासा होती.

हा परतलेला माणूस, जॉन वेनचा शॉन थॉर्नटन, मुष्टियोद्धा आहे. रिंगणात त्याच्या हातून एकाचा जीव गेलाय, म्हणून तो लढत नाही. त्याच्या बायकोचा, मेरी केटचा, भाऊ तिचा हुंडा अडवतो, तेव्हा शॉनला ती पैशांची हाव वाटते. तिला मात्र आपल्या हक्काचं ते हवं असतं. त्याशिवाय ती स्वतःला या घरची मालकीण मानू शकत नाही. मॉरीन ओहाराने हा हट्ट जराही लाडिक होऊ दिला नाही. पैसे हाती येताच शॉन ते मळणीयंत्राच्या भट्टीत टाकतो आणि भट्टीचं दार उघडून धरते ती मेरी केटच.

त्याआधी शॉन तिला शिवारातून फरफटत नेतो आणि गाव मजा बघत मागे चालतं. तो प्रसंग आज हसत बघवत नाही, आणि बघूही नये. तरी चित्रपट टिकला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. मला त्याचं बळ मेरी केटमध्ये दिसतं. बापजाद्यांचं घर शॉनने पैसे मोजून मिळवलं होतं. गावचा तो झाला, ते तिची मागणी रास्त आहे हे उमगल्यावर.