जपानी मेंदूज्वराचा विषाणू आणि डुकराची उपजत प्रतिकारशक्ती

पूर्वीच्या म्हैसूर संस्थानातील कोलार जिल्हा सोन्याच्या खाणींमुळे ख्यातनाम झाला. विषाणुविज्ञानात मात्र त्याचे नाव वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा एक वाण अलग करण्यात आला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक यांनी त्यापासून ‘जेनवॅक’ ही लस सिद्ध केली. ती २०१३ मध्ये उपलब्ध झाली.

भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स डास हा विषाणू पाणपक्षी, डुकरे आणि माणसे यांच्यापर्यंत नेतात. माणसाच्या रक्तात तो इतका अल्प असतो की, चावणाऱ्या डासाला त्याची लागण होत नाही. डुकराच्या रक्तात तो काही दिवस विपुल असतो. तरीही प्रौढ डुक्कर बहुधा आजारी दिसत नाही. गाभण डुकरिणीचा गर्भ मात्र दगावू शकतो.

पेशीला उपजतच एक संरक्षणव्यवस्था लाभलेली असते. विषाणूचे आरएनए ओळखले गेले की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने स्रवते व शेजारच्या पेशी सावध होतात. आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा शोध लावला.

ही व्यवस्था चुकविण्याचे दोन मार्ग या विषाणूपाशी आहेत. पहिला वेषांतराचा. तो पेशीतील पटलांच्या आडोशाने आपल्या प्रती घडवितो आणि आरएनएच्या टोकावर पेशीच्या आरएनएसारखीच रासायनिक खूण उमटवितो. दुसरा मार्ग निरोप तोडण्याचा. एनएस-५ हे त्याचे प्रथिन इंटरफेरॉनचा इशारा पेशीकेंद्रकापर्यंत नेणारी साखळी खंडित करते, असे प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनांत आढळले आहे. इशारा येतो, पण त्याची दखल घेतली जात नाही. प्रती घडविणे आणि खूण उमटविणे हीही याच प्रथिनाची कामे होत.

अर्थात ‘वेषांतर’, ‘निरोप’ ही केवळ रूपके होत. विषाणूला हेतू नसतो. शिवाय त्याचे यश तात्पुरते असते. प्रतिद्रव्ये निर्माण होताच रक्तातून तो नाहीसा होतो. गलग्रंथींत मात्र काही आठवडे टिकू शकतो. तथापि मधल्या थोड्या दिवसांचा अवधी डासांना पुरतो.

म्हणूनच आजारी डुक्कर शोधून साथीची चाहूल लागत नाही, आणि डुकरे पाळणाऱ्यांना दोष देऊन ती थांबतही नाही. वस्तीपासून दूर गोठे, डासांचे नियंत्रण आणि मुलांचे लसीकरण हेच तिच्यावरील खरे उपाय होत.