गहू वर्ज्य असलेल्यांचा फराळ

गोमंतकात चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी फराळाची ताटे भरलेली असतात. अशा वेळी सीलिअक विकार असलेल्या मुलापुढे काय ठेवावे, हा त्याच्या मातेपुढील प्रश्न असतो. गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नामक प्रथिनामुळे अशा रुग्णांच्या लहान आतड्यास इजा पोहोचते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा या विकाराशी असलेला संबंध मांडला. आजन्म पथ्य हाच आजही त्यावरील मुख्य उपाय होय.

सुदैवाने आपल्या स्वयंपाकघरात तांदूळ व नारळ यांचे प्राबल्य आहे. हळदीच्या पानातील पातोळ्या, उकडीचे मोदक, दोदोल व नाचणीची खीर हे पदार्थ मुळातच गव्हावाचून होतात. नेवऱ्या, शंकरपाळी व बेबिंका मात्र मैद्याच्या असल्याने वर्ज्य होत.

खरा धोका डोळ्यांस दिसत नाही. बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गिरणीत गव्हापाठोपाठ दळलेल्या तांदळाच्या पिठात गव्हाचा अंश उतरतो. शंकरपाळी तळलेल्या तेलात चकली तळल्यासही तोच दोष संभवतो. यास्तव तांदूळ घरीच दळावेत, तळणीचे तेल निराळे ठेवावे व तयार पदार्थ घेताना वेष्टनावरील ‘ग्लुटेनमुक्त’ ही नोंद पाहावी. केंद्रीय मानकानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये.

‘एवढ्याशाने काय होते?’ असा आग्रह आप्तेष्टांनी धरू नये. तेवढा घासही अपायकारक ठरतो. त्याऐवजी पातोळीचे एक पान त्या मुलासाठी अगत्याने वेगळे ठेवावे.