मोडकी कवळी आणि काचेचा धागा

तळीये हे महाड तालुक्यातील डोंगराकडचे गाव. २२ जुलै २०२१ च्या दरडीमुळे ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. आज मात्र आम्ही अशा गावांतील एका रोजच्या अडचणीविषयी आणि तिच्याशी निगडित धंद्याविषयी लिहीत आहोत.

अशा गावातील म्हाताऱ्या माणसाची कवळी मोडली की तालुक्याला खेपा घालणे आले. कवळी दुरुस्त होऊन येईपर्यंत भाकरी कालवणात भिजवून गिळावी लागते.

कवळीचा गुलाबी भाग अॅक्रिलिकचा असतो. त्याची पूड व द्रव साधारण ३ : १ या प्रमाणात कालवून, साच्यात दाबून, गरम पाण्यात शिजवतात. हा माल स्वस्त, दिसायला चांगला, पण ठिसूळ. वरची कवळी बहुधा मधोमध मोडते. हिरडीखालचे हाड झिजले की कवळी टाळूवर डुलते, प्रत्येक घासाला थोडी वाकते आणि अखेर चिरते. धुताना हातातून निसटून फुटते ती वेगळीच.

पूर्वी आत धातूची तार घालीत. पण तार अॅक्रिलिकला चिकटत नाही. त्याऐवजी काचतंतू वापरता येतात. कार्बनचा धागा काळा आणि अॅरामिडचा पिवळा दिसतो, काचेचा मात्र दिसून येत नाही. त्यावर सिलेनचा लेप असला की अॅक्रिलिक त्याला घट्ट धरते. धागा द्रवात पूर्ण भिजवावा, नाहीतर आत पोकळ्या राहून कवळी उलट कमजोर होते. जेथे ताण पडतो तेथे, चिरेला आडवा असाच तो बसवावा. टोक बाहेर राहिल्यास तोंडाला टोचते.

धंद्याच्या दृष्टीने पाहता येथे आमच्या तरुणांना वाव आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल मेकॅनिकला स्वतंत्र स्थान दिले. त्याने शिक्षण घेऊन नोंदणी करावी आणि डॉक्टरांकडून आलेली कामे करावीत. रुग्णाच्या तोंडातील काम डॉक्टरांचेच.

गिऱ्हाइकांनाही आमचे सांगणे आहे. कवळी दुसऱ्यांदा त्याच जागी मोडली तर नुसती जोडून घेऊ नका, धागा घालता येईल का ते डॉक्टरांना विचारा. ती सैल असेल तर आधी बैठक नीट करून घ्या, कारण सैलपणावर धागा हा इलाज नव्हे. आणि कवळी धुताना खाली पाण्याचे घमेले ठेवा. त्याला पैसा लागत नाही.