मोटारीचे तेल केव्हा बदलावे? मुंबईच्या रस्त्यावरचा हिशेब

बैलगाडीच्या आसाला वंगण घाला, असे आपल्या वाडवडिलांना कुणी सांगावे लागत नसे. वंगणाचा नळा गाडीखाली टांगलेलाच असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरे, वंगण घाली आणि मगच पुढची वाट धरी. मोटारीच्या इंजिनाचे तसे नाही. ते कुरकुरत नाही, गुपचूप झिजते. ज्या दिवशी ते बोलते, त्या दिवशी मिस्तरी म्हणतो, "इंजिन खोलावं लागंल." मग आकडा काही हजारांवर राहत नाही, लाखाकडे धावतो.

आपल्या अनेक सभासदांच्या दारात आज ट्रॅक्टरशेजारी चारचाकी उभी आहे. शिवाय लालबाग-परळशी आपले नाते जुने. गिरण्या चालू होत्या तेव्हा घाटावरच्या किती घरांतली माणसे तिथल्या चाळींत राहिली, खाणावळीत जेवली! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक करून भोंगे थांबले, पण मुले-नातवंडे तिकडेच राहिली. म्हणून सभासदांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो : "माझ्या गाडीचं ऑईल मी दहा हजार किलोमीटरला बदलतो. पोराची गाडी परळला असती, तर तिथला मिस्तरी पाच हजारांतच बदला म्हणतो. गाडी तीच, तेल तेच. फसवतोय काय?"

आमचे उत्तर असे, की बहुतेक वेळा तो फसवत नाही. गावचा हिशेब वेगळा आणि परळचा वेगळा.

तेल थकते म्हणजे काय होते

इंजिनातले तेल एकच काम करीत नाही. धातूवर धातू घासू देत नाही, हे तर झालेच. त्याशिवाय ते पिस्टनची उष्णता खाली आणते, काजळी आणि चिकटा स्वतःत धरून ठेवते, रिंगांच्या फटी बुजवते आणि गंज धरू देत नाही. यासाठी तेलात वेगवेगळी पूरक द्रव्ये मिसळलेली असतात. कुणी मळ धरते, कुणी इंधन जळताना तयार होणारे आम्ल मारते, कुणी झीज रोखते. ही द्रव्ये वापरात खर्ची पडतात. पातळी भरलेली दिसली, तरी तेलातला दम गेलेला असू शकतो. म्हणूनच वरून अर्धा लिटर टाकले म्हणजे तेल बदलले, असे होत नाही.

पूर्वी साध्या खनिज तेलावर चालणाऱ्या कार्बुरेटरच्या गाड्यांचे तेल तीन ते पाच हजार किलोमीटरला बदलण्याची रीत होती. आता बऱ्याच मोटारींच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे लिहिलेले असते. हा फरक उगाच पडलेला नाही. तेले सुधारली. कार्बुरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली, त्यामुळे न जळलेले पेट्रोल तेलात उतरणे कमी झाले. इंधनही स्वच्छ झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, तेव्हा इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. गंधक कमी, तर तेलात आम्लही कमी.

पण पुस्तकातली ती दहा हजारांची ओळ वाचून पुस्तक मिटू नये. बहुतेक पुस्तकांत पुढे "कठीण परिस्थितीतील वापर" असा एक तक्ता असतो. गर्दीत थांबत-थांबत चालणारी गाडी, इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी, सदैव जवळचेच अंतर जाणारी गाडी, धुळीत चालणारी किंवा ओझे ओढणारी गाडी, ही सगळी त्या तक्त्यात येतात. तिथे तेलाची मुदत बरीच कमी, पुष्कळदा निम्म्यावर आणलेली असते. परळचा मिस्तरी सांगतो तो आकडा या तक्त्यातला असतो.

किलोमीटर आणि तास

ट्रॅक्टर वापरणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड नाही. ट्रॅक्टरचे तेल आपण तासांवर बदलतो. बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तासांची मुदत असते. तोच तास मोटारीला लावून पाहू.

गावाकडून मुंबईला सहा तासांत ३०० किलोमीटर आलो, तर ताशी ५० किलोमीटर पडले. या चालीने २५० तासांत गाडी १२,५०० किलोमीटर जाईल. तीच गाडी दादर, परळ, लालबाग, गिरगाव अशी फिरू लागली आणि ताशी १५ किलोमीटरची चाल पडली, तर २५० तासांत तिचे फक्त ३,७५० किलोमीटर होतील. म्हणजे काट्यावर किलोमीटर थोडे आणि इंजिनाच्या अंगावर तास मात्र तेवढेच. दहा हजार किलोमीटरची वाट पाहिली, तर इंजिन एकाच तेलावर साडेसहाशेहून अधिक तास चाललेले असेल. नांगराला जुंपलेल्या ट्रॅक्टरचा तास आणि सिग्नलला उभ्या मोटारीचा तास अगदी सारखा नाही, हे खरे. तरी किलोमीटरचा काटा अर्धीच गोष्ट सांगतो, एवढे यावरून पटावे.

मुंबईत ही चाल का मंदावते, ते तिकडे गेलेल्यांना ठाऊक आहे. दादरच्या फुलबाजाराची पहाट, गणपतीत लालबागला लोटणारा माणसांचा पूर, आंबेडकर रस्त्यावरची रांग. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद केला, तेव्हा त्यावरची वाहने दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर आली. अशा ठिकाणी गाडी उभी असते, इंजिन मात्र फिरतच असते.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा धडा

या रस्त्यांवर सर्वांत जास्त तास कुणी काढले असतील, तर प्रीमियर पद्मिनीने. वालचंद हिराचंद यांचे नाव आपल्याला रावळगाव आणि वालचंदनगरच्या साखर कारखान्यांमुळे माहीत आहे. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचे, साधे आणि कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली.

वीस वर्षे रोजच्या भाड्यावर गाडी चालवायची, म्हणजे इंजिनाची निगा हा पोटाचा प्रश्न. टॅक्सी एक दिवस गॅरेजात उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाई गेली. आपल्या ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचेही हंगामात तेच असते.

टॅक्सीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजी जळताना काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून तेल कित्येक महिने मधासारखे स्वच्छ दिसते. "तेल तर नवंच दिसतंय, कशाला बदलायचं?" असे वाटणे साहजिक आहे. पण ज्वलनाच्या उष्णतेने आणि नत्रवायूंच्या संयुगांनी ते आतून जुने होतच असते, पुढे घट्टही होते. उलट डिझेलच्या इंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. तिथे ते मळ धरण्याचे आपले काम करीत असते. म्हणून रंगावर जाऊ नका. तास, किलोमीटर आणि तारीख पाहा.

गिरगावची उभी गाडी

सगळ्याच गाड्या फार चालतात असे नाही. गिरगावच्या एखाद्या वाडीत जागा अडवून गाडी उभी असते आणि रविवारी तेवढी दादरपर्यंत जाऊन येते. वर्षाचे किलोमीटर दोन हजारही भरत नाहीत. मालक म्हणतो, "चाललीच नाही, तर तेल कशाला?"

थोडे चालून बंद होणारे इंजिन पुरते तापत नाही. आत तयार झालेली वाफ आणि तेलात उतरलेले पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. त्यात मुंबईची दमट, खारी हवा. तेलाचे झाकण उघडल्यावर आत पिवळसर लोण्यासारखा थर दिसला, तर तेलात पाण्याचा अंश साठतो आहे असे समजावे. रोज पाच मिनिटे इंजिन नुसते चालू करून बंद करण्याने हे वाढते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी खरोखर फिरवून आणावी. अशा गाडीचे तेल वर्षातून एकदा बदलावेच, काटा काही सांगो.

तेल वाढले, तर घाबरा

बीएस-६ च्या डिझेल गाड्यांना धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. जाळी भरली की गाडी आपण होऊन जादा डिझेल वापरून ती जाळून साफ करते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. नेमक्या त्याच वेळी आपण परळला पोहोचून चावी बंद केली, की हे काम अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल काही गाड्यांत तेलात उतरते. मग तेलाच्या पट्टीवर पातळी वर चढलेली दिसते. तेल वाढले म्हणून आनंद मानू नये. ते पातळ झालेले असते आणि बेअरिंगचे शत्रू ठरते. अशा वेळी किलोमीटर न मोजता तेल बदलावे. या गाड्यांना कमी राखेचे, पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच तेल लागते.

हिंदमाताचे पाणी

के.ई.एम. किंवा टाटा रुग्णालयात आपल्या भागातून रुग्ण घेऊन जाणाऱ्या गाड्या बऱ्याच. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. गाडी पाण्यात बंद पडली, तर चावी पुन्हा फिरवू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा ओढून न्या. मिस्तरीला तेल पाहू द्या. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर फिल्टरसह बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

आपल्या ट्रॅक्टरकडे वळताना

वजनकाट्यापुढे इंजिन चालू ठेवून रांगेत उभा असलेला ट्रॅक्टर आणि लालबागच्या गर्दीत अडकलेली टॅक्सी, दोघांच्या तेलाचे दुखणे एकच. त्यात आणखी एक खोच आहे. जुन्या ट्रॅक्टरांचा तासांचा काटा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन मंद फिरत असले, की घड्याळाचा एक तास काट्यावर पुरा तास म्हणून उमटत नाही. म्हणून हंगामात काट्याने २५० दाखवण्याची वाट न पाहता थोडे आधीच तेल बदलणे शहाणपणाचे. रांगेत फार वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे. डिझेलही वाचेल.

सभासद बंधू-भगिनींसाठी थोडक्यात असे :

१. हमरस्त्यावर चालणाऱ्या मोटारीला पुस्तकातली मुदत पुरते. शहरातल्या गर्दीत राहणाऱ्या मोटारीला "कठीण परिस्थिती"चा तक्ता लावावा. तो सापडत नसेल, तर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने धरले, तर इंजिनाचे नुकसान होणार नाही.

२. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी पाहावी. पंधरवड्यातून एकदा पुरे. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त तेल भरले, तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो.

३. तेल बदलताना फिल्टर बदलावाच. इंजिन कोमट असताना तेल सोडावे, मळ सोबत निघून जातो.

४. डब्यावरचा २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० हा दाटपणाचा आकडा पुस्तकाशी जुळवावा. जुन्या गाडीचे दाट तेल नव्या गाडीत ओतू नये. सीलबंद डबा स्वतःसमोर फोडून घ्यावा आणि रिकामा डबा भोक पाडून द्यावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरले जाणार नाही.

५. जुने तेल बांधावर, ओढ्यात, गटारात ओतू नये. ते विहिरीपर्यंत पोहोचते. सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. साठवून अधिकृत घेणाऱ्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला द्यावे.

६. तारीख, किलोमीटर, तास आणि तेलाची प्रत एका चिठ्ठीवर लिहून ती दरवाजाच्या आत चिकटवावी. चालक बदलला, तरी चिठ्ठी बदलत नाही.

ऐन तोडणीत ट्रॅक्टर बसला, तर तोडलेला ऊस फडात वाळतो आणि दर दिवशी वजन घटते. तेलाच्या दोन डब्यांत वाचवलेले पैसे तिथे व्याजासकट जातात. तेव्हा हंगामाची मोळी टाकण्याआधी ट्रॅक्टरचे तेल बदलून घ्या, आणि परळच्या मुलाला फोन करून विचारा, शेवटचे तेल कोणत्या तारखेला बदलले होते?