दृष्टिपटलाची जाडी आणि दृष्टी : आर्द्र पीतबिंदु-ऱ्हासाच्या उपचारातील एक प्रश्न

उतारवयात होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचे शुष्क व आर्द्र असे दोन प्रकार मानले जातात. आर्द्र प्रकारात दृष्टिपटलाखालील कोरॉइड या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून वर येतात. त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे ज्या मध्यवर्ती दृष्टीवर अवलंबून असतात तीच मंदावते. या वाहिन्यांच्या वाढीस व्हीईजीएफ हे प्रथिन चालना देते. त्यास निष्प्रभ करणारी औषधे नेत्रगोलात टोचण्याची पद्धती रूढ झाली आणि रोगाचे भवितव्य पालटले. रॅनिबिझुमॅबच्या ‘मरीना’ चाचणीत (२००६) औषध मिळालेल्या सुमारे ९५ टक्के रुग्णांवर वर्षअखेर तक्त्यावरील १५ अक्षरे गमावण्याची पाळी आली नाही. औषधाविना राहिलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते.

उपचाराचे फळ मोजण्याचे प्रमुख साधन म्हणजे १९९१ साली प्रसिद्धीस आलेली ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी होय. परावर्तित प्रकाशावरून ती दृष्टिपटलाचा छेद दाखविते व जाडी मायक्रॉनमध्ये सांगते. द्रव साचला की पटल फुगते, ओसरला की पातळ होते. तेव्हा पटल जितके पातळ तितकी दृष्टी उत्तम, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हा समज अपुरा आहे.

अमेरिकेतील ‘कॅट’ चाचणीच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यांच्या मध्यबिंदूशी पटलाची जाडी १२० ते २१२ मायक्रॉन होती त्यांची दृष्टी सर्वांत चांगली आढळली. त्याहून जाड आणि त्याहून पातळ, अशा दोन्ही पटलांची दृष्टी उणी होती. याचे कारण असे की, जाडी ही केवळ एक बेरीज आहे. ती द्रवामुळे वाढते, तशीच प्रकाशग्राही पेशी नष्ट झाल्यामुळे घटते. आणि मेलेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत. शिवाय द्रव कोठे आहे यालाही महत्त्व आहे. पटलाच्या आतील द्रव दृष्टीस अधिक घातक ठरतो. पटलाखालील अल्प द्रव त्या मानाने सुसह्य असतो.

‘कॅट’ आणि ब्रिटनमधील ‘आयव्हॅन’ या चाचण्यांतील माहितीचे २०२० साली जे एकत्रित विश्लेषण झाले, त्याने आणखी एक अंग पुढे आणले. ज्या डोळ्यांत जाडी वारंवार कमीअधिक झाली, त्यांची दृष्टी अखेरीस अधिक उणी राहिली. व्रण आणि पेशीक्षयही त्यांत अधिक आढळला. अर्थात हा सहसंबंध आहे. चढउताराने हानी होते की मुळातच उग्र असलेल्या रोगाने चढउतार होतो, हे एवढ्यावरून ठरत नाही. तथापि उपचारातील खंडाने द्रव पुन्हा साचू शकतो, एवढे निश्चित.

येथेच महाड-पोलादपूरसारख्या डोंगरी मुलखाचा विचार प्राप्त होतो. या तालुक्यांतील कित्येक घरांतील तरुण मंडळी मुंबईस आणि वृद्ध गावी, अशी स्थिती असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी पुराने महाड वेढले, तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि आंबेनळी घाटाचा रस्ता बंद पडला. ज्या वृद्धास इंजेक्शनासाठी दूरच्या शहरी जावे लागते, त्याची तारीख अशा दिवसांत चुकणे म्हणजे साचत्या द्रवास मोकळीक मिळणे होय.

म्हणून पावसाळ्यापूर्वीच तारखांची आखणी करणे, रोग स्थिर असल्यास तज्ज्ञाच्या सल्ल्याने दोन इंजेक्शनांतील अंतर क्रमाक्रमाने वाढविणे, आणि घरी एकेक डोळा झाकून चौकटींच्या तक्त्यावरील रेषा वाकड्या दिसतात काय हे पाहणे, हे उपाय उपयुक्त ठरतात. भारतात २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचे देशी जैवसदृश औषधही उपलब्ध आहे. एका भेटीतील जाडीचा आकडा रुग्णाची स्थिती पूर्णतः सांगत नाही. त्यासोबत द्रवाचे स्थान, पेशींची अवस्था आणि मागील भेटींतील चढउतार वाचला, तरच त्या आकड्यास अर्थ येतो.