आजोबांची फटफटी किती सालची, किती सीसीची?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव... जुन्या घराच्या मागच्या खोलीत धूळ खात उभी असलेली बुलेट नाहीतर राजदूत अजूनही सापडते. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचं इंजिन वाचून बघा!

प्लेटवर भिस्त ठेवू नका
‘एमएच ३२’ हा वर्ध्याचा कोड १९८९ नंतरचा. त्याआधी तीन अक्षरी सिरीज चालायची. त्यातून वर्धा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे जुन्या कागदांवरचं राज्याचं नावही काळ सांगून जातं. पण प्लेटवरून कळते ती नोंदणी. गाडी कधी बनली हे नव्हे.

सीसी काढा घरच्या घरी
सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर, पिस्टनची वर-खाली धाव म्हणजे स्ट्रोक. दोन्ही सेंटीमीटरमध्ये घ्या. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, झाले सीसी! यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी म्हणजे ५ सेंमी, स्ट्रोकही तेवढाच: उत्तर ९८ सीसी. बुलेट ३५० चे ७० आणि ९० मिमी: उत्तर ३४६.

बोअरिंग झालंय का?
झिजलेला ब्लॉक लेथवाल्याकडे बोअर करून घेतला की ओव्हरसाइज पिस्टन बसतो. बुलेटला अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला तर ३४६ चे ३५१ सीसी होतात. हेड उघडल्यावर पिस्टनचा माथा पुसून बघा. ओव्हरसाइजचा आकडा बहुधा तिथेच कोरलेला असतो.

सायलेन्सर दोन, सिलिंडर एक
जावा २५० ला दोन्ही बाजूंना सायलेन्सर, पण सिलिंडर एकच: बोअर ६५, स्ट्रोक ७५ मिमी. किक मारायची आणि गिअर टाकायचा, तेही एकाच दांडीने! खरे दोन सिलिंडर बघायचे तर १९८३ ची राजदूत ३५० शोधा. दोन्ही मिळून ३४७ सीसी.

टाकीवरचं नाव
म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या १९६१ पासून निघाल्या. १९७३ च्या सुमारास टाकीवर ‘येझ्दी’ आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ मूळची पोलंडच्या एसएचएल गाडीची. इंजिन १७३ सीसी. मात्र टाकी बदलता येते, म्हणून नाव वाचलं तरी इंजिन तपासाच.

नंबर घासू नका!
खरा पुरावा म्हणजे क्रँककेसवर पंच केलेला इंजिन नंबर. पॉलिश पेपर लांब ठेवा. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि वरून खडू चोळा. बुजलेले आकडे उठून दिसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए फटफटीवर ‘डब्ल्यूएम २०’ दिसलं तर गाडी ब्रिटिश युद्धखात्यासाठी बनलेली, इंजिन ४९६ सीसी. आरसी बुकातला नंबर इंजिनवरच्या नंबराशी जुळतो का, तेही बघा.

बजाजचं वर्धा
बजाज ऑटोचा जन्म १९४५ चा, ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने. हे बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, ज्यांनी जमनालाल बजाजांना नातू म्हणून दत्तक घेतलं. दुचाकीच्या इतिहासात वर्ध्याचं नाव असं पहिल्या पानावर आहे!

पन्नाशीनंतरचा मान
२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूप टिकवलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती चालत नाही. म्हणून मूळ इंजिन, मूळ नंबर आणि जुनं आरसी बुक जपा. विकलेलं भंगार परत मिळत नाही.